तंगडीचा कौल

खामसेंग देवधाईला कोंबडीच्या तंगडीपेक्षा माणसाचं तोंड चांगलं वाचता येत असे, आणि ही गोष्ट त्याच्या बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

कौल लावायची रीत तशी साधी. कोंबडी पूर्वजांना दाखवायची, कापायची, उकडायची. मांड्यांची दोन हाडं काढून सुरीनं खरवडून लख्ख करायची. हाडाला बारीक छिद्रं मुळातच असतात. त्यांत बांबूच्या काड्या खोवायच्या आणि त्या कशा उभ्या राहतात ते बघायचं. डावं हाड घरच्यांचं, उजवं परक्यांचं. घरची काडी ताठ उभी राहिली आणि परक्याची लवली, तर पाय रोवून राहावं. उलट झालं तर बोचकं बांधावं. देवधाई म्हणजे आमचे पुरोहित. त्यांच्या घरातलं शेंबडं पोरही एवढं सांगू शकतं.

अडचण अशी, की हाडं इतकं स्पष्ट कधी बोलतच नाहीत. बहुतेक वेळा दोन्हीकडच्या काड्या लग्नघरी दारू चढलेल्या पाहुण्यांसारख्या तिरप्या उभ्या राहतात. कुणाची बाजू घ्यावी हे त्यांचं त्यांनाच उमगत नाही. अशा वेळी खामसेंग मान वर करून समोरच्याच्या तोंडाकडे बघे. तिथं उत्तर लिहिलेलंच असे. म्हैस हरवलेल्याला ती उत्तरेकडे गेली असं ऐकायचं असे, कारण उत्तरेला त्याची मेहुणी राहत असे. खामसेंग सांगे, "उत्तर." माणूस खूश होऊन जाई. म्हैस दक्षिणेकडून आपल्या पायानं घरी येई. तक्रार कुणीच करत नसे.

या धंद्याला त्याच्या घराण्यात सहाशे वर्षं झाली होती. आमचा पहिला राजा पूर्वेकडून पाटकाईचा डोंगर ओलांडून या खोऱ्यात उतरला तेव्हा देवाची पेटी ज्याच्या डोक्यावर होती तो खामसेंगचा मूळपुरुष, असं घरात सांगत. राजानं बरीच वर्षं जागा शोधण्यात घालवली. एका ठिकाणी पूर येई, दुसऱ्या ठिकाणी माणसंच फार. शेवटी एका टेकडीपाशी थांबून त्यानं मूळपुरुषाला विचारलं, इथं राहू की पुढं जाऊ? मूळपुरुषानं कौल लावला आणि सांगितलं, राहा. राजा राहिला. राजधानी झाली, भातखाचरं झाली, तळी झाली, मेलेल्या राजांवर डोंगराएवढे ढिगारे झाले.

ही झाली चारचौघांतली गोष्ट. घरातली गोष्ट वेगळी होती, आणि ती बाप मुलाला एकदाच, आवाज बारीक करून सांगे. काडी 'पुढं जा' म्हणत होती. पण मूळपुरुषाच्या बायकोला नववा महिना लागला होता, तिचे पाय भोपळ्याएवढे सुजले होते, आणि ती मागून म्हणाली होती, "अहो, आता मी इथून एक पाऊलही टाकायची नाही." मूळपुरुषानं एकदा काडीकडं बघितलं, एकदा बायकोकडं बघितलं. राज्य उभं राहिलं ते असं.

पुढं राज्य मोठं झालं आणि देवधाई लहान झाले. राजांनी ब्राह्मण गुरू केले, जुनं एक नाव होतं त्याला संस्कृत दुसरं जोडलं, आणि कोंबडीचं नाव काढलं की दरबारात लोक नाकाला उपरणं लावू लागले. देवधाईंकडे उरल्या हरवलेल्या म्हशी आणि न ठरणारी लग्नं. मग राजवाड्यात भांडणं लागली. राजे घोंगडीसारखे उलटे-सुलटे होऊ लागले, आणि घरच्या भांडणात सरशी व्हावी म्हणून आमच्याच एका मोठ्या माणसानं बर्मी फौजेला बोलावून आणलं. बर्म्यांना आमच्याकडे 'मान' म्हणतात. ते आले तोही पाटकाईचाच घाट. आम्ही आलो होतो तोच. वाट चांगली वहिवाटीची होती.

मान पहिल्यांदा आले तेव्हा पैसे घेऊन गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा राजाच बदलून गेले. तिसऱ्यांदा येताहेत अशी वार्ता आली तेव्हा लोकांनी भात कापायचं सोडून घरचं धान्य पुरायला सुरुवात केली.

खामसेंगच्या गावापासून हाकेच्या अंतरावर नदीच्या वळणावर लाकडी कोट होता, आणि त्या कोटात त्याचा एकुलता एक मुलगा रांगफा बंदूक घेऊन बसला होता. कोटाचा सेनापती होता लेचाम फुकन. गावात येताना तो हत्तीवरून येई आणि लोकांनी आपल्याला बघावं म्हणून हत्ती हळू चालवी. म्हणून त्या दिवशी दुपारी अंगणात बंद मेणा उतरला तेव्हा खामसेंगची बायको पखिली खांबांवरच्या घराच्या जिन्यावरूनच म्हणाली, "ही कुणाची नवरी आणली?"

"फुकन सरकार आहेत," एक भोई म्हणाला.

"मग पडदा कशाला?"

"उन्हाचा."

आभाळ काळंकुट्ट भरून आलं होतं. पखिलीनं वर बघितलं, भोयाकडं बघितलं, आणि ती कोंबडी पकडायला खाली उतरली.

खामसेंग मेण्यासमोर चटई टाकून बसला. पडदा जाड होता, आतलं काही दिसत नव्हतं.

"देवधाई," आतून आवाज आला. आवाज सपाट होता, इस्त्री केल्यासारखा. "मान जवळ आलेत. कोट लढवावा की सोडावा, एवढं विचारा."

"सरकार, कौलाच्या वेळी मुखदर्शन झालं तर बरं असतं."

"कुणाला बरं?"

"पूर्वजांना."

"पूर्वजांनी माझं मुख बघितलंय. तुम्ही कोंबडी बघा."

खामसेंगनं भोयांच्या तोंडाकडं बघितलं. भोयांची तोंडं भोयांसारखीच होती. मेणा हलका झाला म्हणजे झालं. आतून बारीक खटखट ऐकू येत होती. सुपारी कातरतोय, खामसेंगच्या मनात आलं. इकडं माणसं मरायची वेळ आली आणि हा अडकित्ता चालवतोय. निवांत गडी.

पखिलीनं मडक्यातून कोंबडी काढून केळीच्या पानावर ठेवली. वाकताना ती हळूच म्हणाली, "पोरगं कोटात आहे."

"माहीत आहे."

"नाही, म्हटलं, लक्षात असू द्या."

"कौल कौलासारखा येतो."

"हो का," पखिली म्हणाली. "हे मला सांगताय."

त्यानं हाडं खरवडली, जुने मंत्र म्हटले. त्यांतले निम्मे शब्द त्याच्या आजोबालाही कळत नव्हते. पण चाल पक्की होती. काड्या खोवल्या आणि हात काढून घेतला.

डावीकडची काडी ताठ उभी राहिली. कुणी ठोकून बसवल्यासारखी. उजवीकडची आडवी झाली, जवळजवळ झोपलीच. खामसेंगनं आयुष्यभरात असं हाड बघितलं नव्हतं. त्याच्या बापानंही बघितलं नसावं, नाहीतर बोलला असता. घरच्यांनी राहावं, परके पडतील. आंधळ्यानंही चाचपून सांगावं इतकं स्पष्ट.

खामसेंगनं काडीकडं बघितलं. मग सवयीनं वर बघितलं, समोर पडदा. मग त्याच्या डोळ्यांसमोर रांगफा आला, कोटाच्या भिंतीआड बसलेला, लहानपणी ताप आला की बसायचा तसा गुडघे पोटाशी घेऊन.

"परक्यांची काडी उभी आहे सरकार," तो म्हणाला. "घरची पडली. कोट सोडावा."

आतली खटखट थांबली.

"नीट बघितलंत?"

"बघितलं."

"पुन्हा बघा."

खामसेंगनं पुन्हा बघितलं. काडी उभीच होती. तिला काही लाज वाटत नव्हती.

"तेच आहे सरकार."

खामसेंगला वाटलं, आत फुकन खूश होऊन मोठेपणानं गप्प बसलाय. मग पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला, भोयांना उचला म्हणाला, आणि मेणा गेला.

संध्याकाळच्या आत कोट रिकामा झाला. तोफा जड म्हणून तिथंच राहिल्या. कोटाच्या भरवशावर नदीच्या पलीकडे कुंभारवाडी होती; तिथल्या लोकांना कुणी सांगायला गेलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा सांगेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगफा घरी आला. एकदाही न उडालेली बंदूक घेऊन जिन्यावर बसला आणि ती पुसू लागला. पखिलीनं बदक कापलं होतं, त्यात बांबूचे कोंब घातले होते. तिच्या तोंडावरून आनंद ओसंडत होता आणि तो झाकायला ती चुलीकडं तोंड करून बसली होती.

"ये, जेव," ती म्हणाली.

"हात धुवायला मळलेत कुठं," रांगफा म्हणाला. "पळताना हातांचं काय काम. सगळे पायच वापरत होते."

"कौल होता बाबा," खामसेंग म्हणाला. "कौलापुढं कुणाचं चालतं?"

"नाही ना. म्हणून तर आलो, देउता. तुमचा कौल नसता तर आम्ही थोडेजण तरी थांबलो असतो. ठरलं होतं आमचं." तो आत आला, चुलीपाशी बसला आणि सहज वर बघितलं.

आमच्याकडे मोठा कौल असला की त्याची हाडं काड्यांसकट चुलीवरच्या शिंकाळ्याला टांगतात. गोष्ट तडीस जाईपर्यंत ती धुरात राहतात. पखिलीनं गेली कित्येक वर्षं प्रत्येक कौलानंतर तेच केलं होतं. काल दुपारीही मेणा अंगणातून जाताच, मनात मुलगा आणि हात सवयीच्या कामात, तिनं हाडं टांगून टाकली होती.

रांगफा बघत राहिला.

"हा कुठला कौल?"

पखिलीनं पळी मडक्यात घातली आणि ढवळायला लागली. ढवळण्यासारखं काही नव्हतं.

"डावं हाड कुठलं, उजवं कुठलं, ते तुम्हीच मला शिकवलंत," रांगफा म्हणाला. "पाच वर्षांचा होतो. चुकलो तेव्हा कान पिळला होता."

"धुरानं काड्या हलतात," खामसेंग म्हणाला.

"धुरानं पडतात. उभ्या नाही राहत."

खामसेंगनं खाली बघत चटईची एक काडी सोलायला घेतली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मूळपुरुषही खोटंच बोलला होता. तुला सांगितलंय मी. बायकोसाठी बोलला. त्यावर सहाशे वर्षं राज्य चाललं."

"तो 'राहा' म्हणाला होता," रांगफा म्हणाला.

त्यानंतर तो जेवला. भूक लागली होती. बदक चांगलं झालं होतं, आणि त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. हे त्याला पुढं आयुष्यभर टोचत राहिलं.

मान आले तेव्हा गाव डोंगरात होतं. वरून धूर दिसला तो कुंभारवाडीचा. तिथली माणसं दोरीला बांधून पूर्वेकडं नेली, पाटकाईच्या घाटानं. आम्ही जिथून उगवलो होतो तिथंच ती मावळली. त्यांत एक म्हातारी होती, मालती नावाची, कौलाची मडकी ती करी, आणि खामसेंगला दर वेळी बजावी, "जपून वापरा, मी काही जन्माला पुरणार नाही." तिला चालवेना तेव्हा काय झालं, ते डोंगरातून दिसलं नाही. दिसलं नाही याबद्दल खामसेंगनं पूर्वजांचे आभार मानले, आणि आभार मानताना त्याला शरमेनं मेल्यासारखं झालं.

डोंगरात लोक त्याच्या पाया पडायला येत.

"देवधाई, तुमच्या कौलानं आमची पोरं वाचली."

"माझं काय त्यात."

"बघा, किती निगर्वी."

कुणी बदकं आणून दिली, कुणी साज, म्हणजे तांदळाची दारू. जितकं तो नाही म्हणे तितका तो थोर होत गेला. रांगफा बाजूला बसून हे ऐके. तो बापाशी भांडला नाही, गावात अक्षर बोलला नाही. फक्त 'देउता' म्हणायचं त्यानं सोडलं. आमच्याकडे बापाला देउता म्हणतात. तो आईला म्हणे, "त्यांना विचार, मीठ हवंय का." आणि ते शेजारीच बसलेले असत.

काही वर्षांनी मान गेले. गोऱ्यांच्या कंपनीनं त्यांना हाकललं, मग दोघा परक्यांनी दूर कुठंतरी बसून आपसात कागद केला आणि आमचं राज्य कंपनीला मिळालं. सहाशे वर्षांचं राज्य. ते शेवटी नक्की कुणी हरलं, हेही आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. गाव परत खाली आलं. घरं पुन्हा खांबांवर उभी राहिली. कुंभारवाडीत गवत वाढलं, आणि मडकी लांबून आणावी लागू लागली.

खामसेंगची कीर्ती मात्र पार जिल्ह्यापर्यंत गेली होती. ज्याच्या कौलानं अख्खा कोट वाचला तो देवधाई. लोक लांबून येत, आणि तो त्यांच्या तोंडाकडं बघून, त्यांना हवं ते सांगे. दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

एके दिवशी सकाळी लेचाम फुकन आला. मेण्यातून नाही, चालत. अंगावर साधं धोतर, हातात छत्री. केस पांढरे झालेले. या वेळी तोंडापुढं पडदा नव्हता.

"मुलीचं ठरतंय," फुकन चटईवर बसत म्हणाला. "मुलगा कंपनीच्या कचेरीत आहे. कौल लावा म्हटलं."

"लावू की सरकार."

"सरकार कसला. आता सुपाऱ्या विकतो."

पखिलीनं पान-सुपारी पुढं ठेवली. खामसेंगनं अडकित्ता दिला. बोलायला काहीतरी हवं म्हणून तो म्हणाला, "तुम्हाला कातरायची सवय जुनी. त्या दिवशीही मेण्यात कातरत होता."

"मी?" फुकन म्हणाला. "मी सुपारी कधी स्वतः कातरली नाही तोवर. माणूस होता कातरायला."

"खटखट येत होती."

फुकननं अडकित्ता पानावर ठेवला.

"दात होते ते," तो म्हणाला. "थांबतच नव्हते. म्हणून तर पडदा लावला. फुकनाचे दात वाजताना भोयांना दिसले असते तर कोट तिथंच सुटला असता."

रांगफा ओसरीत जाळं विणत बसला होता. त्याचा हात थांबला.

"भीती तर होतीच," फुकन म्हणाला. "पळायचं असतं तर त्यासाठी कौल कशाला हवा होता, देवधाई? पळायला कुणी विचारतं का? मी आलो होतो ते तुम्ही 'राहा' म्हणाल म्हणून. पूर्वजांनी राहा म्हटलं की मग दात वाजोत नाहीतर काहीही वाजो, राहिलो असतो. दोनदा विचारलं तुम्हाला."

"फुकन," खामसेंग म्हणाला, "त्या दिवशीची काडी..."

"नको," फुकन म्हणाला.

"ऐका तर."

"नको म्हटलं ना." त्यानं हात जोडले; कुणापुढं हात जोडायची त्याला अजून सवय नव्हती, ते वाकडेच जुळले. "कौल होता म्हणून मी कोट सोडला. लोकांना मी हेच सांगतो. बायकोला हेच सांगतो. कुंभारवाडीवरून जाताना मला स्वतःला हेच सांगायला लागतं. तेवढं माझ्याकडं राहू द्या."

ओसरीकडं बघायची खामसेंगला छाती झाली नाही.

कोंबडी आली, कापली, उकडली. हाडं लख्ख झाली. खामसेंगनं काड्या हातात घेतल्या आणि समोर बघितलं. फुकनच्या तोंडावर लग्न स्पष्ट लिहिलेलं होतं, वऱ्हाडासकट.

खामसेंग उठला. दोरीवर वाळत घातलेली पखिलीची चादर त्यानं ओढून आणली आणि आपल्या आणि फुकनच्या मध्ये आडव्या बांबूवर टाकली.

"हे काय?" पलीकडून फुकन म्हणाला.

"पडदा."

"कशाला?"

"उन्हाचा."

त्यानं काड्या खोवल्या. त्या काही ताठ उभ्या राहिल्या नाहीत. डावी जरा लवली, उजवी जरा वर. फार नाही, पण बघणाऱ्याला कळेल इतकी. चादरीपलीकडून फुकनचा श्वास ऐकू येत होता. खामसेंगनं हाडाकडंच बघितलं.

"करू नये," तो म्हणाला.

"काय?"

"लग्न. करू नये असं म्हणतंय."

"अहो, मुलगा कंपनीत आहे. पुन्हा बघा."

"पुन्हा बघत नाही मी आता."

फुकन चादर बाजूला करून उठला. तो रागावला होता आणि थोडा घाबरलाही होता. छत्री घेऊन जाताना जिन्यावर तो पखिलीला म्हणाला, "वय झालंय यांचं." मग अंगण ओलांडून गेला.

"लग्न लावणार ते," पखिली म्हणाली.

"लावू दे."

"मग सांगून काय मिळवलंत?"

पखिलीनं हाडं उचलली आणि सवयीनं चुलीकडं न्यायला निघाली.

"दे इकडं," रांगफा म्हणाला.

तो ओसरीतून उठून आला होता. त्यानं हाडं आईच्या हातून घेतली, दारापाशी उजेडात नेली, आणि आधी डावं बघितलं, मग उजवं बघितलं. बराच वेळ बघत होता. खामसेंग चटईवर बसून राहिला; लहानपणी ज्याचा कान पिळला होता त्याच्यासमोर आता स्वतःचा कान पुढं करून बसल्यासारखा.

रांगफानं हाडं शिंकाळ्याला टांगली. तोंडावर काही नव्हतं. असतं तरी खामसेंगनं तिकडं बघितलं नाही.

"आई," रांगफा म्हणाला, "फुकनची कोंबडी तशीच राहिली. वाया जाईल." मग जाळ्याकडं परत जाताना, मागं न बघता, "देउतांनाही वाढ."